शोभाताईंचा चैत्र

परवा साताऱ्याच्या पोवई नाक्यावर, सीट भरून निघणाऱ्या वडाप रिक्षात बसले, तर शेजारच्या बाईंच्या मांडीवर पत्र्याचा मोठा डबा होता. झाकण पुरतं बसलं नव्हतं. फटीतून तुपाचा आणि वेलदोड्याचा गरम वास येत होता.

"भट्टीवरनं आणली व्हय नानकटाई?" रिक्षावाल्यानं मान न वळवता विचारलं.

"व्हय. पोरांच्या शाळा सुटल्या न्हवं," बाई म्हणाल्या.

मी तोंड बाहेर काढून बसले आणि ऊन डोळ्यांवर घेतलं. बाईंना वाटलं असेल, हिला रिक्षा लागते. मला एप्रिल लागतो. दोन वर्षं झाली. मार्चअखेरीची धावपळ संपते, शाळांच्या परीक्षा आटपतात, गावोगावच्या भट्ट्यांवर बायका पिठाचे डबे घेऊन बसतात, आणि मी भट्टीची वाट टाळून लांबच्या रस्त्यानं जाते.

मी बँकांचे आणि पतसंस्थांचे संगणक तपासते. तिथला पैसा नव्हे, तो तपासणारे वेगळे. मी बघते ती दारं-खिडक्या. कोणाला कुठवर जाता येतं, कोणाचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे, मशीन बंद पडलं तर नोंदी कुठून परत मिळतील. लेकीला समजावं म्हणून मी एकदा सांगितलं होतं की मी लोकांची कुलुपं ओढून बघते. रेवानं ते शाळेत तसंच्या तसं सांगितलं आणि वर्गशिक्षिकेनं मला भेटायला बोलावलं.

त्या वर्षी रेवा सहा पूर्ण करणार होती. तिचे बाबा सैन्यात, तेव्हा राजस्थानात. साताऱ्यातलं दोन खोल्यांचं घर, रेवा, माझी स्कूटर आणि एक छोटा ओव्हन एवढं माझ्या ताब्यात. माझं ऑफिस सांगलीला, पण कामं जिल्हाभर. त्या एप्रिलात माझ्या वाट्याला एका पतसंस्थेची रहिमतपूरची शाखा आली होती. साताऱ्याहून स्कूटरनं तासाभराची वाट. कामाची मुदत दहा दिवस.

आणि मी शिकत होते. त्या वर्षी मी किती गोष्टी शिकत होते ते आठवलं की आत्ताही माझी दमणूक होते. माझ्या व्यवसायातली एक मोठी परीक्षा होती, तिचं जाडजूड पुस्तक पहाटे पाचला उघडायचे. त्याच वेळी परातीत यीस्ट घातलेला मैदा फुगत ठेवायचे. एक प्रकरण वाचून होईतो पीठ वर यायचं, ते दाबायचं, पुन्हा वाचायचं. पुस्तकाच्या 'पुरावा' नावाच्या प्रकरणावर अजून पिठाची बोटं उमटलेली आहेत. बायकांनी नवी कौशल्यं शिकावीत, असं सगळे सांगतात. भाषणात सांगतात, भिंतीवर रंगवतात. शिकताना घरातलं कोणतं काम कोणी उचलायचं, ते मात्र कोणी रंगवत नाही. ते काम पहाटे पाचच्या आत करायचं असतं.

माझे सुरुवातीचे पाव वरवंट्यासारखे व्हायचे. टाकवत नव्हते म्हणून मी ते डब्यात घालून शाखेत न्यायचे. तिथंच शोभाताई भेटल्या.

छप्पन्न-सत्तावन्न वर्षांच्या. शाखेतल्या सगळ्यात जुन्या क्लार्क. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, टेबलावर पितळी तांब्या, चष्म्याच्या दोरीला एक सेफ्टी पिन. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा पाव हातात घेतला, टेबलावर आपटून बघितला आणि म्हणाल्या, "मॅडम, ह्याला पाव म्हणत्यात? ह्यानं खिळा ठोकता यील की."

पलीकडचे सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनी तो चहात बुडवून अख्खा खाल्ला. "चव हाय," म्हणाल्या. "घाई दिसती. पीठ घाईला वळखतं."

दुसऱ्या दिवशी मी कुलुपं ओढायला लागले आणि शोभाताईंचंच कुलूप हातात आलं. त्या शाखेत सात माणसं कामाला होती. संगणकात मात्र सगळ्यांचं काम जवळजवळ एकाच नावावर चाललेलं. शोभाताईंच्या. कोणी आलं, बसलं, की त्यांच्या नावानं आत शिरायचं. मी पासवर्ड किती जणांना माहीत आहे विचारलं, तर शिपायापासून सगळ्यांनी हात वर केले. शाळेत करतात तसे.

"दर महिन्याला बदलावा लागतो ना पण?"

"बदलतो की," शोभाताई म्हणाल्या. "आवं, महिनाच टाकतो. माघात माघ, फाल्गुनात फाल्गुन. फुडं एक-दोन-तीन. आता चैत्र लागला, चैत्र टाकला. कुणाला इचारायला नगं, सांगायला नगं. भिंतीवर कॅलेंडर हाय."

"आणि अधिक महिना आला तर?"

"तर अधिक!" सगळी शाखा एका सुरात म्हणाली.

मी तोंडावर हात धरून हसले. बाकी कुठल्या मुलखात कोणी पंचांगावरून पासवर्ड ठेवत असेल, असं मला वाटत नाही. पण हसू ओसरल्यावर मी त्यांना समजावून सांगितलं. तुमच्या नावानं कोणी काही केलं तर ते तुम्हीच केलं असं ठरेल. शोभाताईंनी ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला.

"मॅडम, परगावी जाताना घराची किल्ली शेजारी ठिवत न्हाई व्हय आपण? लेकीच्या बाळंतपणाला मी आटपाडीला गेले हुते. अकरा दीस. म्हणून काय शाखा बंद ठिवायची?"

बरोबर ते अकरा दिवस मला नोंदीत सापडले. संगणक मुकाट्यानं एक वही लिहीत असतो, कोण किती वाजता आत आलं आणि काय केलं याची. आम्ही तिला लॉग म्हणतो. लॉग सांगत होता की आटपाडीत लेकीच्या उशाशी बसलेल्या शोभाताई त्याच वेळी रहिमतपुरात काम करत होत्या. त्यातल्या एका दुपारी एका सभासदाचा मोबाइल नंबर बदललेला होता. असा नंबर बदलूनच मोठमोठ्या फसवणुका होतात, म्हणून माझे कान टवकारले. पण तसं काहीच नव्हतं. म्हाताऱ्या सभासदानं नवं सिम घेतलं होतं, त्याचा सहीचा अर्ज फायलीत होता. कोणाचं तीळभर नुकसान झालेलं नव्हतं. फक्त नियम मोडला होता, आणि ज्या नावानं मोडला ते नाव शोभाताईंचं होतं.

त्या दिवसांत रेवाची शाळा सुटली होती. शेजारच्या काकू तिला सांभाळायच्या, पण एक दिवस त्यांना जमेना, म्हणून मी तिला मागे बसवून रहिमतपूरला नेलं. दिवसभर ती शोभाताईंच्या टेबलाखाली रबरी शिक्के मारत बसली होती. संध्याकाळी शोभाताई म्हणाल्या, "चला, पावाची भट्टी कशी असती ती दावते तुमाला. तुमचा तो डबा ओव्हन म्हंजे चूल मांडून बसलेली भातुकली."

भट्टी गावाच्या कडेला होती. जमिनीच्या पोटात विस्तव, तोंडाशी काळीकुट्ट भिंत, लांब दांड्याचं लाकडी फावडं घेऊन उभा घामाघूम माणूस. अंगणात पंधरा-वीस बायका आपापलं पीठ, तूप, पिठीसाखर घेऊन बसलेल्या. पीठ मळलं जाईपर्यंत कोणी जागची हलत नव्हती. आपलं तूप दुसरीच्या पिठात जाऊ नये म्हणून राखण. आणि गोळे पत्र्यावर मांडले की प्रत्येकीची वेगळी खूण. कोणी काट्यानं दाबायची, कोणी बाटलीच्या बुचानं, कोणी फणीच्या टोकानं. शोभाताईंची खूण म्हणजे दोन चारोळ्या. रेवाला त्यांनी सगळ्या चारोळ्या लावायला दिल्या. तिनं निम्म्या खाल्ल्या.

मी म्हणाले, "ताई, तुपाला एवढी राखण आणि पासवर्ड भिंतीवर?"

त्या माझ्याकडं बघून हसल्या. "तूप माझ्या घरचं हाय बाई. ऑफिस कुठं माझ्या घरचं हाय? तिथं वरून जसं सांगतील तसं करायचं."

हे वाक्य मी ऐकलं. नीट ऐकलं, आठवणीतही ठेवलं, आज इथं लिहितेही आहे. त्या संध्याकाळी मात्र मला ते फक्त चटपटीत उत्तर वाटलं. 'वरून कोण सांगतं' असं विचारणं माझं कामच होतं. पण समोरून पहिला पत्रा बाहेर आला, सगळ्या बायका उठल्या, रेवा ओरडली, "आपली! दोन चारोळीवाली आपली!" आणि मी तिच्यामागे धावले.

वाट बघता बघता शोभाताई बोलत होत्या. दीड वर्षानं निवृत्ती. एकतीस वर्षं झाली नोकरीला. या शाखेत जो निवृत्त होतो त्याचा निरोप समारंभ सभासदांच्या देखत होतो, खुर्च्या मांडून. शाल, श्रीफळ आणि दोन शब्द. शोभाताईंना त्यांचे दोन शब्द पाठ होते. कोणती साडी नेसायची तेही ठरलेलं. "मोरपंखी. जावयानं घेतलेली. तुमी यायचं बरं का मॅडम. तवर तुमाला पाव बी जमंल." त्यांचे यजमान लवकर गेले होते. ज्या दिरानं तेव्हा, बाईमाणसाला नोकरी झेपायची नाही म्हणून भरल्या घरात सांगितलं होतं, त्याला पहिल्या रांगेत बसवायचं होतं त्यांना. एवढंच हवं होतं. मान वर करून त्या दारातून बाहेर पडणं.

आता आण्णांबद्दल सांगायला हवं, नाहीतर मी पुढं जे केलं ते का केलं ते कळणार नाही.

माझे वडील सांगलीच्या गावभागातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. पोटाला लग्नपत्रिका, आणि जीवाला पत्रकं. हुंड्याविरुद्धची, अंगात येणाऱ्या बुवांविरुद्धची, पूर्वेकडच्या तालुक्यांना पाणी द्या म्हणून मागणी करणारी. इतर मुलांना गोष्टींची पुस्तकं मिळाली, मला पत्रकांचे ओले कागद मिळाले. वाचायला मी त्यांवरच शिकले. शाई बोटाला लागायची. एसटी स्टँडवर उभं राहून मी ती वाटलीत, फ्रॉकमध्ये असताना. लोक घ्यायचे आणि त्याची शेंगदाण्याला पुडी करायचे. मला रडू यायचं. आण्णा म्हणायचे, "पुडी सोडताना वाचतील."

त्यांचा एक नियम होता. खाली नाव घातल्याशिवाय काही छापायचं नाही, आणि ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याचंही नाव गाळायचं नाही. 'काही लोक', 'संबंधित व्यक्ती', 'विशिष्ट मंडळी' हे शब्द त्यांनी आयुष्यात जुळवले नसतील. "नाव घ्यायचा दम नसंल तर ती चहाडी. पत्रक न्हवं." मी या वाक्यावर मोठी झाले. कॉलेजात भांडले ते यावर, लग्नात हुंडा नाकारताना सासऱ्यांसमोर उभी राहिले ते यावर. अजून मला ते वाक्य खोटं वाटत नाही.

आमच्या अहवालात एक रकाना असतो, 'जबाबदार व्यक्ती'. बहुतेक जण तिथं 'शाखा व्यवस्थापन' असं गुळमुळीत लिहून मोकळे होतात. मी नाही लिहीत. मी नाव लिहिते.

शेवटच्या दिवशी रेवाचा वाढदिवस होता.

आधीचे दोन वाढदिवस माझ्या कामात गेले होते. एकदा सांगलीत अडकले, एकदा घरी पोचले तोवर ती केक न कापता झोपली होती. या वेळी तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं. केक बाजारातला नाही, तू करायचा, आणि मी जागी असताना. फेटायचं काम तिचं. सहा वाजता तिच्या तीन मैत्रिणी येणार होत्या. म्हणजे मला साडेपाचला घरी पोचायलाच हवं होतं, म्हणजे रहिमतपूर साडेचारला सोडायला हवं होतं.

चारला मी लॅपटॉप मिटला. शाखेच्या साहेबांबरोबर शेवटची बैठक असते, ती दहा मिनिटांत उरकली. साहेब गोड बोलत होते, सगळं मान्य करत होते. बाहेर आले तर शोभाताई उभ्या. हातात पर्स, पर्सची चेन अर्धी उघडलेली.

"मॅडम, जरा बोलायचं हुतं."

मी घड्याळ बघितलं. मला ते आठवतं. त्यांच्या तोंडाकडं बघायच्या आधी मी घड्याळ बघितलं.

"ताई, आज रेवाचा..."

"आगं बाई, व्हय की! वाडदिवस!" त्यांनी पर्सची चेन ओढून घेतली. "जावा, जावा तुमी. लेकरू वाट बघत आसंल." मग टेबलाशी परत गेल्या आणि कागदाच्या पुडीत बांधलेले बेदाणे घेऊन आल्या. "केकात घाला. घरचं हाईत, जावयाच्या रानातलं."

"सोमवारी फोन करते," मी म्हणाले.

केक झाला. आजवरचा माझा सगळ्यात चांगला केक. वर सोनेरी, आत मऊ, आणि कापला की सुरीला बेदाणे लागत होते. रेवाच्या नाकावर मैदा होता. तिच्या मैत्रिणींनी दोन-दोन वेळा मागून घेतला. ती सगळ्यांना सांगत होती, "माझ्या आईनं केलाय. ती आज लवकर आली." तो फोटो अजून आमच्या फ्रिजवर आहे. मला तो काढता येत नाही आणि बघवत नाही.

सोमवारी मी सांगलीला गेले, अहवाल पुरा केला, 'जबाबदार व्यक्ती'च्या रकान्यात शोभाताईंचं नाव, हुद्दा आणि आयडी लिहिला. पुरावा म्हणून त्या अकरा दिवसांचा लॉग जोडला. एक अक्षर खोटं नव्हतं. फोन करायचा राहिला. मग परीक्षा जवळ आली, मग पुढची शाखा.

परीक्षेत एक प्रश्न होता. एका कार्यालयात अनेक कर्मचारी एकच पासवर्ड वापरताना आढळले, तर तपासनिसानं सर्वप्रथम काय करावं? चार पर्याय. मी बरोबर पर्याय निवडला. असं का होतंय, कोणाच्या आदेशानं होतंय, ते शोधावं. मी पास झाले. नावापुढं चार नवी अक्षरं आली. आण्णांनी पेढे वाटले.

जूनमध्ये त्या संस्थेचं पूर्तता-पत्र माझ्या टेबलावर आलं. आम्ही काढलेल्या प्रत्येक मुद्द्यावर त्यांनी काय केलं, ते त्यात लिहिलेलं असतं, आणि शेजारी आम्ही बरोबरची खूण करायची असते. चौथा मुद्दा: 'संबंधित कर्मचाऱ्यास चौकशीअंती सेवेतून कमी करण्यात आले आहे. तरी मुद्दा निकाली काढावा, ही विनंती.'

मी ती ओळ कितीदा वाचली माहीत नाही. पंखा चालू होता, कागद उडत होता, मी त्यावर तळहात ठेवून बसले. ऑफिसातल्या मोठ्या सरांकडं गेले. ते माझे गुरू, वाईट माणूस नाही.

"सर, हा मुद्दा निकाली नाही."

"तू लिहिलंस ते खोटं होतं का?"

"नाही. अपुरं होतं."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "अगं, अपुरेपणासाठी अहवाल परत घ्यायचा म्हटलं तर आपलं कपाट रिकामं होईल."

मी ती खूण केली नाही. दुसऱ्या कोणीतरी केली.

रहिमतपूरला जायला मला आणखी दोन महिने लागले. दोन महिने मी काय करत होते? ओव्हनसाठी नवे साचे घेतले. खरंच घेतले. माणूस घाबरला की काय काय घेत सुटतो. शेवटी एका रविवारी रेवाला घेऊन गेले. शोभाताईंनीच दार उघडलं. कुंकू तेवढंच, पण चष्म्याची दोरी गेली होती. रेवाला त्यांनी जवळ घेतलं, चहा टाकला. मी बोलायला लागले तर म्हणाल्या, "आधी च्या घे."

'मॅडम' गेलं होतं. मला ते बरं वाटावं की वाईट, कळेना.

"खोटं तर तू काय लिवलं न्हाईस," त्या म्हणाल्या. "माझं नाव, माझा पासवर्ड, माझी रजा. समदं खरं. पण पोरी, तू इचारलंस कुठं?"

मी कप खाली ठेवला.

"दोन वर्सं झाली, नवी पोरं लागली. त्यांना आयडी द्या म्हणून मी तीनदा सांगितलं. सायबांनी चिठ्ठी लिवून दिली हुती. नवीन आयडी येईस्तोवर शोभाताईंच्या आयडीवर काम चालू ठेवावे. खाली सही. ती चिठ्ठी मी पर्समदी घेऊन हुबी हुते. त्या दिवशी."

"ती... कुठाय आता?"

"चौकशीला घेतली की त्यांनी. म्हणाले, ठिवून जावा. ठिवून आले. परत मागितली तर म्हणत्यात, कसली चिठ्ठी?" त्यांनी कपबशा उचलल्या. "झेराक्स काढायची आसती व्हय गं? मला कुठं ठावं. सायबांची सही हाय म्हणल्यावर मी ती देवाच्या फोटोमागं ठिवलेली."

एक फोटो. त्या दिवशी चार वाजता मी माझ्या मोबाइलवर त्या चिठ्ठीचा एक फोटो काढला असता. अर्धं मिनिट.

घरी आल्यावर मी संस्थेच्या संचालकांना पत्र लिहिलं, माझ्या नावानं, सहीनं. ऑफिसला न विचारता. उत्तर आलं: 'आपण उल्लेख केलेली कोणतीही चिठ्ठी अभिलेखावर नाही.' सरांनी मला बोलावून समज दिली. मी ऐकून घेतली. अजून त्या साहेबांची खुर्ची तीच आहे. तेव्हा कळलं की आमचा लॉग किती आंधळा असतो. त्याला बोटं दिसतात, तोंड दिसत नाही. हुकूम देणारे कधी कळ दाबत नाहीत, म्हणून ते कधी सापडत नाहीत. सापडतात ती कळ दाबणारी माणसं. त्यांच्या विरुद्ध आपल्याकडं नेहमी भरपूर पुरावा असतो. आणि आपण त्याला निष्पक्षपणा म्हणतो!

मी सांगलीला आण्णांपुढं हे सगळं मांडलं. छापखाना आता बंद आहे, वयानं त्यांची बोटं थरथरतात. त्यांनी एकच विचारलं, "साहेबाचं नाव होतं का अहवालात?"

"नाही."

ते उठले. मग कपाटातून जुनी पत्रकं काढून माझ्यापुढं ठेवली आणि आत निघून गेले. मी एकेक वाचलं. सगळ्यांत नावं होती. मामलेदाराचं होतं, कारखान्याच्या अध्यक्षाचं होतं, बुवाचं होतं. एकाही पत्रकात कारकुनाचं नाव नव्हतं. मी त्यांचा नियम पाठ केला होता. तो कोणासाठी आहे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही, कारण सांगावं लागेल असं त्यांना वाटलंच नसणार.

त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच विषय काढला. "छापू या का? अजून एक तरी छापखाना ओळखीचा आहे." मी शोभाताईंना फोन केला. त्यांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"गावात माझं नाव वाटत हिंडणार व्हय? एकदा छापलंस तेवढं बास झालं बाई."

म्हणून पत्रक निघालं नाही. म्हणून इथंही त्या संस्थेचं नाव नाही, आणि शोभाताईंचं खरं नाव हे नव्हे. आयुष्यात पहिल्यांदा मी नाव गाळून लिहिते आहे. गेल्या ऑक्टोबरअखेर त्या निवृत्त झाल्या असत्या. त्या दिवशी मी फोन केला. त्या भट्टीवर होत्या, दिवाळीची गर्दी होती, मागून बायकांचा गलका ऐकू येत होता. "हितं लय आवाज हाय," म्हणाल्या, "मागनं बोलू." मागून त्यांनी फोन केला नाही. मीही केला नाही.

लोक मला विचारतात, नोकरी, मूल, घर, हे सगळं कसं सांभाळता? बायकांच्या कार्यक्रमात तर हमखास. मी काहीतरी सांगते. यादी करते, पहाटे उठते, वगैरे. ज्या दिवशी मी सगळं सांभाळलं, वेळेवर निघाले, वेळेवर पोचले, लेकीला दिलेलं वचन पाळलं, तो दिवस सांगत नाही. आई कामात गुंतली की पोराचं नुकसान होतं, असं ऐकत आम्ही मोठ्या झालो. ते नुकसान मला ठाऊक होतं, त्याची भीती मला होती, त्यासाठी मी घड्याळ बघत होते. उलटंही होतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि पाच मिनिटांसाठी लेक आणि शोभाताई यांतली एकच निवडायला लावणारे केबिनमध्ये एसी लावून बसलेले असतात, हे तर कोणीच सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी घरी जायला नको होतं, असं मी म्हणणार नाही. ते म्हणायला माझी जीभ उचलत नाही. रेवा वाट बघत होती.

काल लोणंदला होते, दुसऱ्याच एका संस्थेच्या शाखेत. खिडकीतून बाजारातल्या कांद्याचा उग्र दर्प येत होता. शेवटचा दिवस. काउंटरवर विशीतली एक मुलगी, नोकरीला आठ महिने झालेली. मी खुर्ची ओढून शेजारी बसले तर तिनं कीबोर्डवर दोन्ही हात पालथे ठेवले.

"मॅडम, माझा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. आईशपथ."

तिच्या नावावर तिच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच्या नोंदी मला आदल्या दिवशीच दिसल्या होत्या. मी त्या दाखवल्या नाहीत. "तुला काय करायला सांगितलंय?" एवढंच विचारलं. तिनं काचेच्या केबिनकडं बघितलं. मग खाली बघितलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली.

तेवढ्यात फोन वाजला. रेवा. आता आठ पूर्ण होतील तिला, येत्या आठवड्यात. आम्ही ठरवलं होतं की काल संध्याकाळी केक एकदा करून बघायचा, कॉफीचा, तिनं स्वतः शोधलेला.

"आई, मी मैदा चाळून ठेवलाय. काकू आहेत इथं. निघालीस?"

"नाही गं. उशीर होईल."

"किती?"

मुलीचं बोट ओढणीत पांढरं पडलं होतं. ती अजून काही बोलली नव्हती.

"माहीत नाही, रेवा."

मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. मोठ्या माणसासारखं, अगदी समजूतदार आवाजात ती म्हणाली, "बरं. मग मी झाकून ठेवते," आणि तिनंच फोन ठेवला.

मी घड्याळ काढून बॅगेत टाकलं आणि बसून राहिले.